मोटारीचे कूलंट : केव्हा बदलावे, कसे बदलावे



ऊस विकास खात्याने ऊस सोडून मोटारीवर लिहावे याचे काही जणांना नवल वाटेल. पण आता गटात फिरताना बांधाशेजारी बैलगाडीपेक्षा मोटार आणि जीप जास्त दिसतात. बेणे, लागण, तोडणीचा कार्यक्रम यांची चौकशी झाली की शेवटी हळूच एक प्रश्न येतो, "साहेब, गाडी घाटात तापते. पाणी तर रोज बघतो. मग तापते कशानं?" हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा आला आहे की त्याचे उत्तर एकदा लिहूनच द्यावे असे ठरवले.

उत्तर थोडक्यात असे आहे. पाण्याचा डबा भरलेला दिसतो म्हणजे आतले कूलंट कामाचे आहे असे नाही. कूलंट आटले नाही तरी म्हातारे होते. त्याच्या वयाप्रमाणे ते बदलावेच लागते. आणि ते गाडी थंड असतानाच बदलावे लागते. या दोन गोष्टी ज्याने पाळल्या त्याचे इंजिनही वाचते आणि हातही वाचतो. बाकीचा लेख याच दोन गोष्टींचा खुलासा आहे.

कूलंट करते काय?

इंजिनात डिझेल किंवा पेट्रोल जळते तेव्हा तयार होणाऱ्या उष्णतेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाकाकडे जातो, एक तृतीयांश धुराबरोबर सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला साधारण तेवढाच भाग इंजिनाच्या अंगात उरतो. हा उरलेला भाग बाहेर काढला नाही तर धातू वाकतो, गॅसकेट उडते आणि शेवटी इंजिन धरते. ही उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत आणण्याचे काम कूलंट करते. वॉटर पंप त्याला फिरवतो. थर्मोस्टॅट नावाची लहानशी झडप, इंजिन पुरेसे गरम झाले की, म्हणजे साधारण ८० ते ९० अंश सेल्सियसला, रेडिएटरची वाट उघडते. तिथे वाऱ्याने आणि पंख्याने कूलंट निवते आणि परत इंजिनात जाते.

कूलंट म्हणजे तीन गोष्टींचे मिश्रण. पाणी, ग्लायकोल आणि गंज रोखणारी औषधे. ग्लायकोलमुळे द्रवाचा उकळबिंदू वर जातो आणि गोठणबिंदू खाली जातो. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकोल असले तर ते उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळते आणि उणे ३५ अंशांच्याही खाली गेल्यावर गोठते. त्यात रेडिएटरचे झाकण आतला दाब धरून ठेवते. झाकणाने हवेच्या दाबाइतका आणखी दाब धरला तर हेच मिश्रण सव्वाशे अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून ते झाकण म्हणजे नुसते बूच नव्हे, तो यंत्राचा एक भाग आहे.

काही सभासद विचारतात, "आपल्याकडे कुठं बर्फ पडतो? मग कूलंट कशाला, पाणीच बरं." गोठण्याची भीती आपल्याला नाही हे खरे. पण उकळण्याची आहे आणि गंजण्याची तर त्याहून जास्त आहे. गंज रोखणारी औषधे साध्या पाण्यात नसतात.

बोअरचे पाणी का नको

हे आपल्या सभासदांना वेगळे समजावून सांगायला नको. ठिबकच्या तोट्यांवर पांढरा थर बसतो आणि पाणी थेंबभरही येत नाही, तेव्हा आपण नळ्यांतून आम्ल सोडतो. आंघोळीच्या बंबाला आतून पांढरी साल धरते आणि मग पाणी तापायला दुप्पट लाकूड लागते. हे सगळे त्याच क्षारांचे काम. रेडिएटरच्या नळ्या तर ठिबकच्या नळीपेक्षाही बारीक. तिथे एक पातळ थर बसला तरी उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो.

आपल्या कारखान्यातही हेच तत्त्व पाळले जाते. बॉयलरला कोणी कालव्याचे पाणी जसेच्या तसे पाजत नाही. वाफेचे परत मिळालेले शुद्ध पाणी आणि प्रक्रिया केलेले पाणीच त्याला देतात. रस आटवणाऱ्या पात्रांच्या नळ्यांना थर धरला की हंगाम थांबवूनसुद्धा त्या साफ कराव्या लागतात, कारण थर बसलेल्या नळीतून वाफेची उष्णता रसाला पोहोचत नाही. एवढ्या मोठ्या कारखान्याला जे लागू आहे ते चार सिलिंडरच्या इंजिनालाही लागू आहे.

जुनी माणसे म्हणतात, "आमच्या जीपनं वीस वर्षं विहिरीचं पाणी पिलं, काही झालं नाही." त्या काळच्या जीपचे आणि अॅम्बॅसॅडरचे इंजिन बिडाचे, रेडिएटर तांब्यापितळेचा. ते जाड होते, सोशिक होते आणि रेडिएटर उघडून, काडी घालून साफ करणारे कारागीर तालुक्याच्या गावी होते. आताच्या मोटारीत इंजिनाचे हेड आणि रेडिएटर अॅल्युमिनियमचे असते, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. अॅल्युमिनियमला खारे पाणी बारीक बारीक भोके पाडते. हा रेडिएटर सहसा दुरुस्त होत नाही, नवाच घालावा लागतो.

कासूच्या रस्त्यावर काय होते

गळीत हंगाम उरकला की आपले बरेच सभासद कुटुंबासह अष्टविनायकाला जातात. पालीच्या बल्लाळेश्वराचे दर्शन झाले की मुले समुद्राचा हट्ट धरतात. मग वाकणला मुंबई-गोवा महामार्गाला लागायचे, नागोठणे मागे टाकायचे, कासूवरून वडखळ गाठायचे आणि तिथून अलिबागकडे वळायचे. कासू हे पेण आणि रोहे यांच्या दरम्यानचे गाव. पनवेल-रोहा रेल्वेवर पेण आणि नागोठणे या दोन स्थानकांच्या मध्ये कासू स्थानक आहे.

महामार्गाच्या कागदपत्रांतही या गावाचे नाव ठळक आहे. पनवेलजवळच्या पळस्प्यापासून इंदापूरपर्यंतच्या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले. (हे इंदापूर माणगावजवळचे, पुणे जिल्ह्यातले नव्हे.) काम रेंगाळले, आणि पुढे त्याचे पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर असे ४२-४२ किलोमीटरचे दोन टप्पे करण्यात आले. त्या वर्षांत गणपतीच्या आधी या रस्त्यावर मोटारींच्या रांगा कशा लागत, हे ज्यांचे पाहुणे मुंबईहून कोकणात जातात त्यांनी ऐकले असेलच.

अशा रांगेत इंजिनावर काय बेतते ते बघा. गाडी वेगात असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर निववतो. गाडी रांगेत पावलापावलाने सरकते तेव्हा वारा नसतो, सगळा भार पंख्यावर येतो. त्यात घामाच्या हवेत एअरकंडिशनर चालू. त्याची तापलेली जाळी रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेली असते, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच गरम. गावाकडे सपाट रस्त्यावर जे अशक्त कूलंट कसेबसे निभावून नेते, ते इथे उघडे पडते.

इथून घरी परतताना पुन्हा चढ आहेच. खोपोलीहून खंडाळ्याला बोरघाटाने सुमारे पाचशे मीटर वर यावे लागते. माणगावकडून आले तर ताम्हिणीचा घाट. गाडीत सहा माणसे, टपावर सामान, पहिला-दुसरा गिअर, वारा कमी आणि इंजिनावर ओझे जास्त. गाडी तापायची ती अशाच ठिकाणी तापते.

आणखी एक गोष्ट. पेण, कासूकडचा पश्चिमेचा भाग म्हणजे अंबा नदी आणि धरमतर खाडीच्या आसपासचा खारेपाट. बांध घालून समुद्राच्या भरतीपासून राखलेली ही भातजमीन. तिथे पुष्कळ ठिकाणी विहिरीचे आणि बोअरचे पाणी मचूळ लागते. आपल्याकडे पाणी जास्त झालेल्या जमिनीवर मीठ फुटून ती चोपण होते, ते मीठ आपण पाहिले आहे. तसलेच खारे पाणी घाईघाईने रेडिएटरमध्ये गेले तर त्या दिवशी गाडी घरी येईल, पण पुढच्या काही महिन्यांत आतून खाल्ली जाईल. म्हणून लांबच्या प्रवासात पाच लिटरचा एक डबा चांगल्या पाण्याचा आणि एक लिटर आपल्याच जातीचे कूलंट डिकीत असावे.

हे कूलंट येते कुठून

कासूच्या शेजारीच नागोठण्याला पेट्रोकेमिकलचे मोठे संकुल आहे. पूर्वी ते आयपीसीएल या सरकारी कंपनीचे होते. २००७ मध्ये आयपीसीएल रिलायन्समध्ये विलीन झाली. नैसर्गिक वायूतील घटकांपासून इथिलीन आणि इथिलीनपासून प्लॅस्टिकचा कच्चा माल करण्यासाठी ते उभारले गेले, आणि त्यातच इथिलीनपासून ग्लायकोल करण्याचा विभागही होता. म्हणजे ज्या रस्त्यावर गाड्या तापतात, त्याच रस्त्याच्या कडेला कूलंटचा मुख्य घटक बनवण्याची सोय उभी राहिली!

पण ऊस उत्पादकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढेच आहे. ग्लायकोल मळीपासूनही होतो. मळीपासून अल्कोहोल, अल्कोहोलमधले पाणी काढले की इथिलीन, त्यापासून इथिलीन ऑक्साइड आणि त्यापासून ग्लायकोल. उत्तराखंडातील काशीपूर येथे इंडिया ग्लायकॉल्स या कंपनीने याच वाटेने ग्लायकोल तयार केला. तेव्हा कूलंट म्हणजे काहीतरी परके रसायन असे समजू नका. उसाच्या कांड्यापासून रेडिएटरपर्यंत त्याचा रस्ता जातो.

केव्हा बदलावे

ग्लायकोल स्वतः लवकर संपत नाही. संपतात ती गंज रोखणारी औषधे. ती दररोज थोडी थोडी खर्च होतात. ती संपली की ग्लायकोल हळूहळू आम्ल बनू लागतो आणि जो द्रव इंजिनाचे रक्षण करत होता तोच त्याला खाऊ लागतो. गाडी कमी फिरली तरी हे होतच असते. म्हणून किलोमीटर आणि वर्षे, यांपैकी जे आधी भरेल ते धरायचे.

जुन्या पद्धतीचे, बहुधा हिरवे मिळणारे कूलंट साधारण दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर चालते. नव्या पद्धतीचे दीर्घ मुदतीचे कूलंट चार-पाच वर्षे, काही त्याहूनही जास्त चालते. पण हा झाला ढोबळ हिशेब. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा छापला आहे तोच खरा मानावा. ट्रॅक्टरला तोच हिशेब तासांवर असतो. पुस्तिका हरवली असेल तर विक्रेत्याकडून गाडीचे मॉडेल सांगून माहिती घ्यावी.

मुदत भरण्याआधीही पुढील खुणा दिसल्या तर थांबू नये :

१) कूलंटचा मूळ रंग जाऊन ते तांबूस, विटकरी किंवा चहासारखे दिसू लागणे.
२) डब्याच्या तळाशी गाळ किंवा बोटाला खडबडीत कण लागणे.
३) महिन्या-दोन महिन्यांनी पाणी घालावे लागणे. ही गळतीची खूण आहे. आधी गळती शोधावी, मग कूलंट बदलावे.
४) कूलंटवर तेलाचा तवंग येणे, किंवा तेल घालायच्या बुचाखाली साबणाच्या फेसासारखा पांढरा थर दिसणे. तेल आणि पाणी एकत्र झाल्याचा संशय येतो. अशी गाडी चालवू नये, मेस्त्रीला दाखवावी.

थोडे थोडे पाणी घालत राहण्याने काय होते त्याचा हिशेब करून बघा. सहा लिटर मावणाऱ्या गाडीत निम्मे ग्लायकोल आहे. दर वेळी अर्धा लिटर गळाले आणि अर्धा लिटर साधे पाणी घातले. असे चार वेळा झाले की ५० टक्क्यांचे मिश्रण सुमारे ३५ टक्क्यांवर येते. डबा मात्र चारही वेळा काठोकाठ भरलेला! डोळ्यांना फसवणारी गोष्ट ती हीच.

उसाची पक्वता पाहायला आमचे मदतनीस शेतावर हँड रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतात. रसाचा एक थेंब ठेवला की ब्रिक्स दिसतो. कूलंटसाठीही तसेच उपकरण असते, फक्त त्याची मोजपट्टी वेगळी. चांगल्या गॅरेजमध्ये ते असते. पण ब्रिक्स चांगला आला म्हणजे रसाची शुद्धता चांगलीच असे होत नाही, हे आपण जाणता. तसेच इथे आहे. त्या उपकरणाने ग्लायकोल किती ते कळते, औषधे किती शिल्लक आहेत ते कळत नाही. म्हणून तपासणी चांगली आली तरी मुदत भरली की कूलंट बदलायचे.

कोणते घ्यावे आणि किती

रंगावर जाऊ नये. हिरवे, लाल, निळे, गुलाबी हे रंग कंपन्या आपापल्या सोयीने देतात. दोन कंपन्यांचे लाल कूलंट एकाच जातीचे असेल असे नाही. पुस्तिकेत लिहिलेला प्रकार डब्यावर लिहिलेला आहे का, एवढेच पाहावे. दोन जातींचे कूलंट एकत्र केले तर औषधे एकमेकांना मारतात, कधी चिकट गाळही धरतो. दोन जातींची कीटकनाशके डोळे मिटून एका पंपात ओतू नयेत, तसेच हे.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक तयार मिश्रण, ते तसेच ओतायचे. दुसरे घट्ट, त्यात पाणी मिसळायचे. डब्यावर प्रमाण लिहिलेले असते, ते वाचावे. घट्ट कूलंट पाणी न मिसळता भरणे चूक आहे. ग्लायकोलपेक्षा पाणीच उष्णता जास्त उचलते. निव्वळ ग्लायकोल भरले तर गाडी उलट जास्त तापते. युरियाची एक गोणी जादा टाकली म्हणून टनेज वाढत नाही, ऊस लोळतो, हे आपण जाणताच.

मिसळायला बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर वापरावे. लहान मोटारीत सगळे मिळून साधारण चार ते सहा लिटर मावते, मोठ्या गाडीत त्याहून जास्त. नेमका आकडा पुस्तिकेत असतो.

कसे बदलावे

ज्याला हाताची सवय आहे त्याने घरी करायला हरकत नाही. नसेल तर मेस्त्रीकडून करून घ्यावे, पण शेजारी उभे राहून पाहावे. क्रम असा :

१) गाडी सपाट जागी लावावी. हँडब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा. इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घेणे सर्वांत चांगले. काही गाड्यांचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो, म्हणून किल्ली काढून ठेवावी आणि पंख्यात हात घालू नये.

२) झाकणावर जाड फडके ठेवून ते अर्धा आटा फिरवावे. फुस्स आवाज आला तर थांबावे. आवाज बंद झाल्यावरच पूर्ण काढावे. झाकणाचे रबर कडक किंवा चिरलेले असेल तर झाकण नवे घ्यावे.

३) खाली पसरट घमेले ठेवावे. रेडिएटरच्या खालचा कॉक उघडावा. कॉक नसेल तर खालच्या जाड नळीचा क्लॅम्प सैल करून नळी काढावी. राखीव डबाही रिकामा करून धुवावा. निघालेले कूलंट मापून ठेवावे, पुढे हिशेबाला लागते.

४) कॉक बंद करून डिस्टिल्ड पाणी भरावे. हीटर असल्यास पूर्ण गरम बाजूला करावा, म्हणजे त्याच्या नळ्याही धुतल्या जातात. वरची नळी गरम लागेपर्यंत इंजिन चालवावे. मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पाणी सोडावे. स्वच्छ पाणी निघेपर्यंत हे पुन्हा करावे. आतून खूप गंज असेल तर आम्ल घालून प्रयोग करू नयेत. अॅल्युमिनियम आम्लाने जाते.

५) नळ्या दाबून बघाव्यात. फुगलेली, भेगाळलेली किंवा पिचपिचीत झालेली नळी बदलावी. रेडिएटरच्या जाळीत उसाचे पाचट, तूस, धूळ अडकलेली असते. हंगामात कारखान्याच्या वाटेवर फिरणाऱ्या गाड्यांत तर हटकून असते. ती इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला, हलक्या पाण्याच्या धारेने काढावी. जोराच्या धारेने जाळीच्या पात्या मुडपतात.

६) आता भरण्याचा हिशेब. कितीही सोडले तरी थोडे पाणी इंजिनाच्या पोटात राहतेच. समजा, गाडीत सहा लिटर मावते आणि चारच लिटर निघाले. आत दोन लिटर साधे पाणी आहे. आता चार लिटर तयार मिश्रण ओतले तर ग्लायकोल ५० टक्के राहणार नाही, सुमारे ३३ टक्के होईल. म्हणून धुतल्यानंतर घट्ट कूलंट घेणे सोयीचे. एकूण मापाच्या निम्मे, म्हणजे तीन लिटर घट्ट कूलंट आधी ओतावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरावी. निम्म्याचा हिशेब बरोबर जमतो. पुस्तिकेत निराळे प्रमाण असेल तर त्याप्रमाणे हिशेब करावा.

७) सावकाश ओतावे. आत हवा अडकली तर तिथे कूलंट पोहोचत नाही आणि नवे कूलंट असूनही गाडी तापते. काही गाड्यांना हवा काढायचा स्क्रू असतो, तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावा. नंतर झाकण काढलेलेच ठेवून इंजिन मंद चालवावे. थर्मोस्टॅट उघडला की पातळी खाली जाते, तेवढे भरावे आणि झाकण घट्ट लावावे. राखीव डबा खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये ठेवावा.

८) थोडे फिरून यावे, गाडी थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. पुढचे तीन-चार दिवस सकाळी बघत राहावे. गाडीखाली ओल दिसते का तेही पाहावे. म्हणजे झालं.

विजेवर चालणाऱ्या पुष्कळ मोटारींतही बॅटरी थंड ठेवायला कूलंट असते. त्याची जात वेगळी असते आणि जवळच मोठ्या दाबाची वीज असते. त्याला घरी हात लावू नये.

रस्त्यात गाडी तापली तर

काटा वर चढू लागला की आधी एअरकंडिशनर बंद करावा. हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात लावावा. आत उकडेल, पण इंजिनाची काही उष्णता त्या वाटेने निघून जाते. काटा तरीही उतरत नसेल तर गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित घेऊन बंद करावी. बायका-मुलांना रस्त्यापासून दूर उभे करावे. "एवढा घाट चढू, मग थांबू" असे म्हणू नये. त्या एका मैलात हेड वाकते आणि खर्च शेकड्यावरून हजारांवर जातो.

बॉनेटमधून वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेट उघडू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी शंभर अंशांच्या वर असते आणि केवळ दाबामुळे उकळायचे थांबलेले असते. झाकण सुटले की दाब जातो आणि ते सगळे त्याच क्षणी उकळून तोंडावर येते. चेहरा, डोळे, छाती भाजते. प्रेशर कुकरची शिट्टी न पडता झाकण ओढल्यासारखे हे आहे, फक्त यात झाकण आपल्या तोंडासमोर असते. मागे मुले रडत आहेत, पाहुणे फोन करत आहेत, तरी घाई करू नये. निदान एक तास थांबावे. तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरवर गार पाणी ओतू नये, धातू तडकतो.

झाकण हाताला गार लागले की फडके धरून हळू उघडावे आणि थोडे थोडे पाणी भरावे. अडचणीच्या वेळी मिळेल ते स्वच्छ, गोडे पाणी चालेल. पण घरी आल्यावर पंधरा दिवसांत सगळे काढून, धुऊन नवे कूलंट भरावे.

निघालेले कूलंट हे विष आहे

हा भाग घरातील सर्वांना वाचून दाखवावा. ग्लायकोल चवीला गोड असतो. उघड्या घमेल्यात ठेवला तर कुत्रा, मांजर, वासरू, कोंबड्या ते पितात. रंगीत पाणी पाहून लहान मूलही तोंडाला लावते. मोठ्या माणसालाही शंभर मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे चहाच्या एका कपाएवढा, ग्लायकोल प्राणघातक ठरू शकतो. मुलाला त्याहून कितीतरी कमी पुरतो. सुरुवातीला दारू प्यायल्यासारखी झिंग येते, मग ओकाऱ्या, आणि नंतर मूत्रपिंडे निकामी होतात. कोणी प्यायल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय न करता, डबा बरोबर घेऊन, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावे. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो.

म्हणून कूलंट थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. निघालेले कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरावे, त्यावर मोठ्या अक्षरांत "विष" लिहावे आणि जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. पाटात, ओढ्यात, विहिरीजवळ, उकिरड्यावर ओतू नये. जमिनीवर सांडले तर माती किंवा राख टाकून ती उचलून घ्यावी.

शेवटी एक विनंती. उसाच्या लागणीची तारीख आपण नोंदवतो, कारण त्या तारखेवरून तोडणी ठरते. तसेच कूलंट बदलल्याची तारीख, किलोमीटरचा आकडा, कूलंटचा प्रकार आणि किती लिटर घातले हे एका चिठ्ठीवर लिहावे आणि ती चिठ्ठी बॉनेटच्या आतल्या बाजूला, इंजिनापासून लांब, चिकटवावी. चालक बदलला, गाडी मुलाच्या हातात गेली, तरी पुढच्या माणसाला अंदाजाने चालावे लागणार नाही. ज्यांच्या गाडीत ही चिठ्ठी आज नाही आणि पूर्वी कूलंट केव्हा बदलले ते आठवत नाही, त्यांनी मुदत संपली असेच धरावे आणि उन्हाळ्याच्या प्रवासाला निघण्याआधी ते बदलून घ्यावे.